परतीची वाट
कथा-कादंबऱ्यांत नैराश्यावरची गोळी म्हणजे मनात ओतलेला आनंद असतो. आम्हांला ही उपमा खटकते. ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये दाखवले ते निराळेच: मज्जातंतूंची टोके स्रवलेले नॉरॲड्रेनलिन परत ओढून घेतात, आणि कोकेन व इमिप्रामिन दोन्ही ही परतीची वाट अडवतात. (ॲम्फेटामिन तर वाहक प्रथिनांना उलटेच चालवते!) मग एक व्यसन, दुसरे औषध, असे का? कोकेनची धुंदी मुख्यतः डोपामिनचा वाहक अडल्याने येते; इमिप्रामिन त्याला फारसे शिवत नाही. शिवाय वाहक काही तासांत अडतो, मन उभारी धरायला मात्र आठवडे घेते. आमच्या एका स्नेह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडल्या. ही प्रतीक्षा त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.