उंची जमा, केबल नावे

माणसाला पाठीचा कणा असतो हे त्याला शाळेत शिकवतात, पण पटतं चाळिशीनंतर. मला ते शिरवळ-लोणंद रस्त्यानं पटवलं. जाताना मोटारसायकलवर ओणवं, बँकेत काउंटरवर ओणवं आणि येताना पुन्हा मोटारसायकलवर! डॉक्टर म्हणाले, "ताठ बसत जा." चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता स्कूटर घ्या." पहिला सल्ला नोकरीला धोकादायक होता, दुसरा अब्रूला. मी तिसरा मार्ग काढला. हँडलच उंच करायचं, आणि तेही स्वतःच्या हातानं.

उंच हँडल म्हटलं की लोकांना १९६९ सालच्या 'ईझी रायडर'मधला पीटर फोंडा आठवतो. असल्या हँडलला अमेरिकेत फांदीला लोंबकळणाऱ्या वानरावरून नाव पडलं आहे. माझी महत्त्वाकांक्षा इतकी उंच नव्हती. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी मूळ नमुन्याबाहेर मनाला येईल तशी बदलू नये, असं ते सांगतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. तेव्हा कंपनीनंच माझ्या मॉडेलसाठी काढलेलं, फक्त दोन इंच उंच असं हँडल आणलं. कारकुनाचं बंडसुद्धा नियमाला धरूनच असतं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी खोलून बसणं म्हणजे आमच्याकडे जाहीर सभा बोलावणं. शेजारचे अण्णा पहिले आले.

"काय साहेब, बिघडली का?"

"नाही अण्णा, सुधारतोय."

"चालतीय ती कशाला सुधारायची?"

बँकेत संगणक आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

टाकीवर जुनी गोधडी टाकली, कारण ब्रेकचं तेल सांडलं तर रंग खातं. त्या तेलाची डबी उभीच ठेवायची. आडवी झाली तर नळीत हवा शिरते आणि ब्रेक दाबला तरी लागत नाही. मुठी साबणाच्या पाण्यानं सुटल्या. स्विचच्या पोटात एक चिमुकली खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसली पाहिजे. नाहीतर हॉर्न वाजवायला जावं आणि स्विचच गोल फिरावा!

इथवर नुसता पान्ह्याचा व्यवहार. खरी कसोटी पुढे, आणि तिथे माझी बी. कॉम.ची पदवी वीस वर्षांत प्रथमच घरच्या कामी आली. दुहेरी नोंद पद्धतीचा नियम असा, की एकीकडे जमा झालं की दुसरीकडे नावे पडतं. हँडलला दोन इंच जमा झाले, म्हणजे ते कुठून तरी वजा होणारच. ते होतात केबलींमधून. क्लचची, अॅक्सिलरेटरची, ब्रेकची नळी, दिव्यांच्या वायरी, सगळ्यांचं खातं तपासावं लागतं.

म्हणून बोल्ट आवळल्यावर लगेच रस्त्यावर जायचं नाही, आधी तेरीज जुळवायची. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. मूठ न पिळता आवाज वाढला तर केबल ताणली जातेय असं समजावं. ती वळणावर आपोआप गाडी पळवील. माझी डावीकडे गुरगुरली. अण्णा म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढं चालतंय." पण बँकेत एक पैसा जुळला नाही म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस मी. लांब केबल आणली, ती बसवली आणि पुन्हा दोन्हीकडे फिरवून पाहिलं. आवाज जागचा हलला नाही. तेरीज जुळली.

संध्याकाळी सौ.ला मागे बसवून खंबाटकीचा घाट चढलो. कणा सरळ, मान वर. ना साहेब समोर, ना खातेदार.

वरच्या वळणावर सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही आता एवढे ताठ बसता, की मला पुढचं काही दिसतच नाही."

अठरा वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं. मी गाडी आणखी थोडी सावकाश घेतली.