मोतीचा उद्योग

कुत्र्याला व्यायाम द्यावा लागतो, हें आमच्या कानांवर प्रथम वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आलें. पुण्याच्या ज्या वाड्यांत आमचें बालपण गेलें तेथेंही एक कुत्रा होता. परंतु तो वाड्याचा होता, कोणा एकाचा नव्हता. सकाळीं तो आपण होऊन बाहेर पडे, ओंकारेश्वरापर्यंत जाऊन येई, वाटेंत दोनचार भांडणें उरकी आणि दुपारीं जोत्यावर येऊन निजे. त्याला फिरावयास नेण्याची कल्पना कोणी काढली असती, तर वडीलधाऱ्यांनीं आधीं त्या माणसाची नाडी पाहिली असती.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब मुलाकडे कॅनडांत, टोरांटोस, चार महिने राहिलों. मुलगा व सूनबाई सकाळीं आठ वाजतां कामावर जात, नात शाळेंत जाई, आणि सौभाग्यवतींना तर कोणत्याही खंडांत स्वयंपाकघर सांपडतेंच. घरांत रिकामे असे दोघेच उरत : आम्ही आणि मोती. मोती हा तीन वर्षांचा लॅब्राडॉर. रंगानें शुद्ध कोळसा; नांव मात्र नातीनें ठेवलेलें, म्हणून त्याविरुद्ध अपील नव्हतें.

उन्हाळ्यांत हा प्राणी तळ्याकांठीं तासतासभर धांवत असे म्हणतात. जानेवारींत पारा शून्याखालीं पंधरा अंश उतरला आणि त्याचें जग बैठकीच्या खोलीएवढें झालें. बाहेर नेऊं म्हटलें तरी तेथें सुख नव्हतें. बर्फ वितळावा म्हणून तिकडे पदपथांवर मीठ पसरतात. तें पंजांच्या भेगांत जाऊन झोंबतें. घरीं येऊन कुत्रा पंजे चाटतो आणि तेंच मीठ त्याच्या पोटांत जातें. त्याकरितां रबरी पायताणें आणलेलीं होतीं. तीं चारी पायांत चढवावयास पंधरा मिनिटें लागत, फिरणें दहा मिनिटांचें होई, आणि परत आल्यावर कोमट पाण्यानें पाय धुण्याचा सोहळा वेगळाच.

मग मोतीनें घरांतच उद्योग शोधला. पहिल्या आठवड्यांत आमच्या चपला गेल्या. त्याबद्दल आमची फारशी तक्रार नव्हती. दुसऱ्या आठवड्यांत दिवाणावरच्या दोन उशा गेल्या. तिसऱ्या आठवड्यांत सूनबाईंच्या कचेरीचे कागद गेले. त्या रात्रीं भिंतीपलीकडून त्यांचा थकलेला आवाज आला, "असंच चाललं तर याला दुसरं घर बघावं लागेल." त्यावर मुलगा कांहीं बोलला नाहीं. नात झोंपली होती, हें एक बरें झालें. आम्हांला मात्र झोंप आली नाहीं. दिवसभर घरांत असणारे आम्ही. तेव्हां या गुन्ह्याचा निम्मा वांटा आमचाच होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कंबर कसली. व्यायाम म्हणजे धांवणें, एवढेंच आमचें शास्त्र. बोळांत चेंडू फेंकला. गुळगुळींत लांकडी जमिनीवर मोतीचे पाय घसरले, तो भिंतीवर आदळला आणि फुलदाणी गेली. जिन्यावरून वरखालीं नेलें, तों त्याच्या पायांआधीं आमचे गुडघे बोलूं लागले. आणि आश्चर्य हें कीं, अर्ध्या तासाच्या धांवपळीनें तो शांत होण्याऐवजीं अधिकच चेतलेला दिसे. जणूं आतां कोठें दिवस सुरू झाला!

उपाय सांपडला तो अपघातानें. एके दुपारीं मोतीनें ओट्यावरचें पोळ्यांचें फडकें खालीं ओढलें. त्याच्या घड्यांत पोळीचा एक तुकडा अडकला होता. आम्ही ओरडणार होतों, पण त्याच्याकडे पाहून थांबलों. त्यानें फडकें फाडलें नाहीं. नाक लावून, पंजानें एकेक घडी उलगडीत, एखाद्या जुन्या कारकुनानें दप्तर सोडावें तसा तो दहा मिनिटें काम करीत राहिला. तुकडा मिळाला, मोतीनें एक लांब सुस्कारा सोडला, आणि पांच वाजेपर्यंत तो गाढ झोंपला. बैठकीच्या बाहेर एक पाऊल न टाकतां कुत्रा थकला होता.

त्या दिवसापासून मोतीची शाळा सुरू झाली. वेळ सकाळीं अकराची. त्याच्या रोजच्या खाण्यांतूनच मूठभर दाणे बाजूला काढावयाचे, म्हणजे अंगावर चरबी चढत नाहीं. ते जुन्या पंचांत गुंडाळून द्यावयाचे. केक भाजण्याच्या साच्याच्या खळ्यांत एकेक दाणा टाकून वर चेंडू ठेवावयाचे, म्हणजे प्रत्येक चेंडू उचलून पाहणें आलें. तें साधलें कीं दाणे खोलीभर दडवावयाचे. प्रथम त्याच्या डोळ्यांदेखत, मग त्याला बाहेर ठेवून. शेवटीं आम्ही स्वतःच कपाटामागें लपत असूं. धडा दहा-पंधरा मिनिटांहून लांबवावयाचा नाहीं, आणि विद्यार्थी जिंकला असतांनाच घंटा द्यावयाची, हे नियम आम्ही अनुभवानें शिकलों. एक नियम मात्र नातीनें शिकविला. पहिल्या उत्साहांत आम्ही बेदाणे लपवीत होतों. तिनें आमचा हातच धरला. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा आणि चॉकलेट हींही त्याला विषच. वयानें नऊ वर्षांची, पण त्या दिवशीं आमची वरिष्ठ ती होती.

या शोधाशोधींत नवें असें कांहींच नाहीं, हें आमच्या मागाहून ध्यानांत आलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा आणि पणि यांचा संवाद आहे. पणींनीं दडविलेल्या गाईंचा माग काढीत इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून जाते. या सरमेवरूनच संस्कृतांत कुत्र्याला सारमेय म्हणतात. म्हणजे शोधणें हा या जातीचा केवळ खेळ नव्हे, वडिलोपार्जित धंदा आहे. माणसाच्या नाकांत गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकांत वीस-तीस कोटी मानतात. एवढें भांडवल घेऊन जन्मलेल्या प्राण्याला आम्ही दोन वेळां भरलेलें ताट देतों आणि वर त्याला सुखी समजतों! त्यांत मोतीची जात तर अधिकच कष्टाळू. नांव लॅब्राडॉर, पण मूळ न्यूफाउंडलंड बेटाचें. तेथील कोळ्यांचीं जाळीं ओढण्यांत आणि निसटलेले मासे थंडगार पाण्यांतून आणण्यांत त्याच्या पूर्वजांची हयात गेली. पुढें ते इंग्लंडांत गेले, १९०३ सालीं तेथील केनेल क्लबानें त्यांची स्वतंत्र जात मानली. मोतीला थंडीचें भय नव्हतें. त्याला भय होतें तें बेकारीचें.

एका गृहस्थांची हकीकत आम्हीं याच सुमारास वाचली. अमेरिकेंत दक्षिण कॅरोलायनांतील वॉफर्ड महाविद्यालयाचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनीं २००४ सालीं चेसर नांवाची कुत्री घरीं आणली. तीन वर्षें, रोज चार-पांच तास, ते तिला खेळण्यांचीं नांवें शिकवीत राहिले. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत चेसरला एक हजार बावीस नांवें येत असल्याची नोंद आहे. सर्व जग त्या कुत्रीच्या बुद्धीचें कौतुक करतें. आमचें लक्ष मात्र त्या म्हाताऱ्याकडे गेलें. पंचाहत्तरी उलटलेला मनुष्य रोज सकाळीं उठतो तेव्हां कोणीतरी त्याच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत असतें!

कारण आम्हांलाही सेवानिवृत्त होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. छत्तीस वर्षें कचेरी केली. ती सुटल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आम्हीं मसाल्याच्या डब्यांचा क्रम बदलला, दूधवाल्याशीं हिशेबावरून वाद घातला, मोलकरणीला केर काढण्याची पद्धत समजावून दिली आणि मुलाला दूरध्वनीवरून संसाराचे उपदेश केले. "अहो, तुम्ही कुठंतरी जाऊन या बरं!" हें वाक्य सौभाग्यवतींच्या तोंडीं कायमचें बसलें. आम्ही रोज पर्वतीवर जाऊन येत असूं. पाय थकत, पण मन घरीं आल्यावर पुन्हां कांहींतरी कुरतडावयास शोधी. मोतीनें चपलांना दांत लावले, आम्हीं माणसांना.

मोती चार महिन्यांत अकरा शब्द शिकला. 'दोरी' आणि 'चेंडू' पक्के झाले. 'बदक' आणि 'बादली' यांचा घोटाळा अखेरपर्यंत सुटला नाहीं, आणि त्यांत दोष आमच्या उच्चारांचा असावा. फेब्रुवारींत घरांत एकही वस्तू फाटली नाहीं. मार्चच्या आरंभीं एका संध्याकाळीं सूनबाई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तो पंचा कसा गुंडाळायचा, मला दाखवून ठेवा." दुसऱ्या घराची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

आतां आम्ही पुण्यांत आहों. शेजारच्या दोन मुलांना संध्याकाळीं गणित शिकवितों. मसाल्याचे डबे सौभाग्यवतींनीं पूर्ववत् लावून घेतले आहेत. तिकडे बर्फ वितळून मोती पुन्हां तळ्याकांठीं धांवूं लागला आहे, त्याला आमची गरज उरली नसावी. परंतु परवां नातीनें सांगितलें, शनिवारीं शाळा नव्हती म्हणून तिनें पाहिलें : अकराच्या सुमारास मोती पंचा तोंडांत धरून आमच्या रिकाम्या खोलीच्या दारापाशीं जाऊन बसतो.

तिकडे सकाळचे अकरा म्हणजे येथें रात्रीचे साडेआठ. ती आमची जेवणाची वेळ. अलीकडे पानावर बसलों कीं नजर घड्याळाकडे जाते. सौभाग्यवती विचारतात, "कुणाची वाट बघताय?" आणि उत्तराची वाट न पाहतां पोळी वाढतात.