पुढून की मागून?

पाचगणीहून वाईला परतताना, पसरणीचा घाट उतरू लागलो की आमची गाडी फटाके मारायची. बाबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन गुरगुरत मंदावायचं आणि मागे सायलेन्सरमध्ये ‘फट्!’ कठड्यावरची माकडं झाडात उड्या टाकायची. आई देवाचं नाव घ्यायची. बाबा मान किंचित तिरकी करून मला विचारायचे, “पुढून की मागून?”

१९८९ साली बाबांनी घेतलेली ती सेकंडहँड प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं की टॉर्च धरायचं काम माझं. बाबांच्या प्रश्नाचा अर्थ मला तिथेच कळला. फटाका पुढून, कार्बोरेटरमधून आला, तर पेट्रोल कमी नि हवा जास्त जातेय, किंवा आत घेणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये. जाळ उलटा फिरतोय. मागून आला, तर सिलिंडरमध्ये जळायला हवं होतं ते पेट्रोल न जळताच बाहेर पडलंय आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटलंय.

आमचा फटाका मागून यायचा. बाबा चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचे. बिस्किटाच्या रंगाचा प्लग निरोगी. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. काळी भुकटी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, नाहीतर ठिणगी अशक्त. आमच्या गाडीत एकदा दुसरा काळा निघायचा, पुढच्या महिन्यात चौथा. बाबा तो पुसून परत लावायचे. उत्तर तेव्हाच त्या वर्तमानपत्रावर पडलेलं होतं. दोष एखाद्या सिलिंडरचा असता तर काळा प्लग जागा बदलत फिरला नसता.

इलाज थोडे झाले नाहीत. कार्बोरेटर उघडून जेट फुंकून काढले. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, टायमिंग मागेपुढे करून पाहिलं. चारही वायरी १-३-४-२ या क्रमाने पुन्हा तपासल्या. तो क्रम मला पाढ्यासारखा पाठ झाला. एका मिस्त्रींना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलेलं सापडलं. उतारावर पाय उचलला की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि न जळलेल्या पेट्रोलला पेटायला बळ मिळायचं. पॅकिंग बदललं. फटाके निम्म्यावर आले, थांबले मात्र नाहीत. हवेची वाट बंद झाली होती; पेट्रोल न जळता का सुटतंय, हा प्रश्न तसाच राहिला होता.

मी पुण्याला शिकायला गेले. बाबा भेटायला येत तेव्हा हॉस्टेलच्या फाटकाशी गाडीचा वेग कमी होई आणि ‘फट्’ ऐकू येई. निरोप यायच्या आत मी जिना उतरायला लागायची. पुढे नोकरी, लग्न, मुलं. सुट्टीला गेले की घाटात एकदा तरी तो आवाज व्हायचा, बाबांची मान तिरकी व्हायची आणि मी म्हणायची, “मागूनच.”

एका मे महिन्यात त्याच घाटात फटाका वाजला आणि बाबांची मान हलली नाही. ते समोर बघत शांतपणे गाडी चालवत राहिले. त्याआधी घरात कुकरच्या शिट्ट्या त्यांच्याकडून निसटू लागल्या होत्या, ते मी वयावर सोडून दिलं होतं. पण हा आवाज त्यांना ऐकू आला नाही, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पुढे यंत्र लावूनही त्यांना फारसं ऐकू येईना. गाडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली गेली.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत संपली. काळ्यापिवळ्या गाड्यांचे फोटो पेपरात आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “आपली काढूया.”

बॅटरी, नवं पेट्रोल, धुतलेली टाकी. गाडी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने ‘फट्’. मी खूण केली, मागून. बाबा मागे जाऊन वाकले आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धरून उभे राहिले. तळहातावर धुराचे ठोके घेत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मधेच एक ठोका चुकतोय. पण ठरून नाही.” इंजिन बंद करायला लावून त्यांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतला दांडा चिमटीत धरला आणि न फिरवता आडवा ढकलला. दांडा हलला.

“हे बघ. हे हलतंय.”

त्या दांड्याचं बुश झिजलं होतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा हा दांडा दीड हजार घेतो आणि दर फेऱ्याला चारदा पॉइंट उघडतो. म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या. त्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दांडा डगमगला की फट बदलणार, ठिणगी चुकणार, कधी या सिलिंडरची, कधी त्या. आम्ही ती फट किती वेळा मोजली होती, पण दरवेळी गाडी थांबवून. उभ्या गाडीत ती बरोबरच भरायची.

आवाज आम्हाला इतकी वर्षं मागे नेत राहिला. दोष पुढे, बॉनेटखाली होता, आणि त्याला आवाज नव्हता. ज्याला आवाज ऐकूच येत नव्हता, त्याचा हात थेट तिथे गेला.

साताऱ्याच्या एका टर्नरने लेथवर गनमेटलचं नवं बुश करून दिलं. डिसेंबरात आम्ही पाचगणीला जाऊन आलो. परतताना गाडी मी चालवत होते. घाटात पाय उचलला. काही वाजलं नाही. बाबांना सांगायला मी वळले, तर ते खिडकीतून कठड्याकडे बघत होते.

“माकडं हलली नाहीत,” ते म्हणाले.