जुने औषध, नवी तक्रार

दुखणे नवे असते तेव्हा माणूस सावध असतो. औषध नवे असते तेव्हाही तो सावध असतो. पहिल्या आठवड्यात अंगावर थोडे पुरळ उठले तरी लगबगीने डॉक्टरांकडे जातो. परंतु तेच औषध वर्षानुवर्षे घेता घेता घरच्या माणसासारखे होऊन गेले, म्हणजे त्याच्याविषयी शंका येईनाशी होते. इतकी वर्षे सोसले ते आता काय बाधणार, असे आपण सहज म्हणतो. दीर्घ दुखण्याच्या वाटेवरील निसरडी जागा नेमकी हीच आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

सांध्यांना सूज आणणारा विकार मला जडला, त्याला दहा वर्षे होत आली. उतारवयातील झिजेच्या संधिवाताहून हा निराळा. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात; आपल्याकडे आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. शरीराचे रक्षण करणारी शक्ती आपल्याच सांध्यांना परके समजून त्यांच्यावर उलटते, तेथे दाह उत्पन्न करते, आणि तो वेळीच आवरला नाही तर हाडे कुरतडून बोटे कायमची वाकडी करते. आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस मोठा. त्या ओल्या दिवसांत पहाटे उठावे तो दोन्ही मुठी वळू नयेत, चुलीवरचे पातेले उतरवता येऊ नये, भाकरी थापण्याचे तर नावच नको, अशी माझी अवस्था झाली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू केल्या आणि तीन-चार महिन्यांत माझे हात पुन्हा पिठात गेले. त्या औषधाचे माझ्यावर ऋण आहे. पुढे जे सांगणार आहे, ते हे ऋण विसरून नव्हे.

या औषधाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत जाऊन मोठे संशोधक झाले. हिरव्या पाल्यात सापडणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, आणि त्या जीवनसत्त्वाचे कार्य अडवणारी द्रव्येही तयार केली. मेथोट्रेक्सेट हे त्यांपैकीच एक. प्रथम ते कर्करोगावर मोठ्या मात्रेत वापरले गेले. पुढे तेच औषध अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले असता सांध्यांचा दाह शमतो असे दिसून आले, आणि १९८८ साली अमेरिकेत या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. गोळ्यांच्या पाकिटातील कागदावर कर्करोगाचा उल्लेख वाचून कित्येक जण घाबरतात. त्यांनी मात्रेतील हा फरक ध्यानात घ्यावा. मात्र एक गोष्ट घरातील प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून ती रोज घेतली गेली तर प्राणावर बेतते.

आरंभी मी गोळ्या शनिवारी रात्री घेत असे. रविवारी सकाळी मळमळ इतकी होई की मिस्साला बसणे जड जाई. डॉक्टरांना विचारून मी बुधवारचा वार धरला; फॉलिक ॲसिडची गोळी ते निराळ्या दिवशी देतच होते. मळमळ ओसरली. त्यानंतर आठ वर्षे त्या औषधाने मला काही त्रास दिला नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासावयाचे, बुधवारी गोळ्या घ्यावयाच्या, एवढाच तो संसार.

नवव्या वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरीस, माझे तोंड आले.

तोंड येणे ही आपल्या घराघरांतील गोष्ट. उष्णता झाली, जागरण झाले, पोट बिघडले, एवढीच कारणे आपल्याला ठाऊक. शेजारच्या काकूंनी गुलकंद आणून दिला. सूनबाईने सब्जाचे बी भिजत घातले. आमटीचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी येऊ लागले, तेव्हा मी दूधभातावर राहिले. त्याच सुमारास विंचरताना केस अधिक येऊ लागले आणि दुपारी अंग गळून जाऊ लागले. ऊन फार आहे, आई, तुम्ही वाड्याकडे जाऊ नका, असे सूनबाई म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. ऊन खरोखरच फार होते. औषधाचा उपद्रव असा साध्या तक्रारीचा वेष घेऊन येतो, आणि म्हणून तो ओळखू येत नाही.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. हजेरी मांडण्याची सवय हातून सुटलेली नाही. दुखण्याचीही मी एक वही ठेवली आहे: कोणत्या वारी कोणती गोळी, त्या दिवशी कोणता सांधा दुखला, झोप कशी लागली. ती वही उलटून पाहता दिसले, की तोंडातील फोड गुरुवारी-शुक्रवारी उठतात, पुढच्या मंगळवारपर्यंत थोडे बरे होतात आणि बुधवारनंतर पुन्हा उठतात. उन्हाला वार कळत नाहीत. रक्ततपासणीचा ठरलेला दिवस तीन आठवडे लांब होता. मी तो येण्याची वाट न पाहता वही घेऊन बेळगावची गाडी पकडली.

डॉक्टरांनी वही लक्षपूर्वक वाचली आणि त्याच दिवशी रक्त घेतले. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या आणि क्रिएटिनिन चढले होते. म्हणजे मूत्रपिंडे पूर्वीच्या गतीने काम करीत नव्हती. मग त्यांनी सारे समजावून सांगितले. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडांच्या वाटेने. वयोमानाने ही वाट अरुंद होत जाते. गोळ्या तेवढ्याच, पण बाहेर पडणारे औषध कमी. म्हणून अंगात राहणारे अधिक. फॉलिक ॲसिडची गरज सर्वांत जास्त कोठे? जेथे पेशी रोज झपाट्याने नव्या होत असतात तेथे: तोंडाच्या अस्तरात, केसांच्या मुळांत, रक्त जेथे तयार होते त्या हाडांच्या मगजात. म्हणून तोंड येणे ही खूण साधी मानू नये. तोंडात जे दिसते तेच कधी कधी आत रक्तातही घडत असते.

"औषध बदललेले नाही, बाई. तुम्ही बदललात," ते म्हणाले. इतक्या थोड्या शब्दांत कोणी मला माझे म्हातारपण सांगितले नव्हते.

गोळ्या काही आठवडे बंद झाल्या. तोंड पंधरा दिवसांत बरे झाले. परंतु सांध्यांनी आपले जुने रूप दाखवले. उजवे मनगट फुगले, डब्याचे झाकण उघडेना, वेणी घालण्यासाठी सुनेपुढे बसावे लागले. खरी परीक्षा त्या दिवसांत झाली. एकीकडे औषधाचे भय, दुसरीकडे दुखण्याचे. आणि कपाटात उरलेल्या गोळ्या दिसत होत्या. एक घेतली तर काय बिघडेल, हा विचार रात्री मनात येई. मी ते पाकीट सूनबाईच्या स्वाधीन केले आणि कळ सोसली.

त्या काळापुरते डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन थोड्या मात्रेत दिले. हे स्टेरॉइडच्या वर्गातील औषध. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी या विकाराने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले, आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच यांना केंडॉल व राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या आनंदामागून लवकरच दुसरी बाजू दिसू लागली: चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, डोळ्यांत मोतीबिंदू. शिवाय हे औषध बरेच दिवस घेतले म्हणजे शरीरातील ग्रंथी आपले स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याचे काम सोडून देतात. म्हणून ते एकाएकी थांबवता येत नाही, पायरी पायरीने उतरावे लागते. बाजारात सांधेदुखीवर ज्या नावगाव नसलेल्या पुड्या मिळतात, त्यांत हेच द्रव्य मिसळलेले असल्याचे काही वेळा आढळले आहे. पुडीने दोन दिवसांत चमत्कार केला, तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी.

आता माझी मेथोट्रेक्सेटची मात्रा जवळजवळ निम्मी झाली आहे आणि जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आले आहे. या दुसऱ्या औषधाने बरीच वर्षे घेतल्यावर क्वचित डोळ्यांच्या आतील पडद्याला इजा होते. ती आरंभी रुग्णाला कळत नाही, तपासणीतच कळते. माझी मूत्रपिंडे मंद असल्यामुळे दरवर्षी डोळे दाखवण्यास सांगितले आहे. भाकरी मी थापते, पण चारांऐवजी दोन. मनगट पूर्वीसारखे झालेले नाही. होईल असेही कोणी म्हटलेले नाही.

ज्यांच्या घरी असे दीर्घ दुखणे आहे त्यांच्यासाठी चार शब्द लिहिते. आपल्या मनाने औषध बंद करू नये आणि आपल्या मनाने उपद्रवही सोसू नये. कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर चालू औषधांची यादी पुढे ठेवावी. लघवीच्या जंतुदोषावर सर्रास दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम मेथोट्रेक्सेटच्या जोडीला आले तर रक्तपेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घटू शकतात. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात. उलट्या-जुलाबांनी अंगातील पाणी कमी झाले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी विचारावे. ताप, कोरडा खोकला आणि धाप एकत्र आली, तर उद्यावर ढकलू नये. आणि घरातील तरुण मुलीला वा सुनेला हे औषध चालू असेल, तर गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे झाले पाहिजे. पोटातील बाळाला ते घातक आहे.

आपल्या भाविक कुटुंबांत आणखी एक अडसर असतो. आपला क्रूस आपण मुकाट्याने वाहावा, असे जुन्या पिढीतील स्त्रिया म्हणतात आणि तोंडात घास जात नसतानाही कोणाला सांगत नाहीत. जे दुखणे टळण्यासारखे नाही ते धीराने सोसणे हा क्रूस खरा. परंतु एका रक्ततपासणीने जे टळते ते लपवून ठेवणे म्हणजे घरच्यांवर पुढचा मोठा भार टाकणे होय. उपवासाच्या दिवसांत रिकाम्या पोटी स्टेरॉइड घेणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. आजाऱ्यांना ख्रिस्तसभेने उपवासातून सूट दिलेली आहे, आणि औषध घेतल्याने कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही. मनात किंतु असेल तर आपल्या फादरांना विचारावे.

जुन्या औषधाचे उपकार मानावेत, पण त्याच्यावरची नजर काढू नये. एक वही, एक पेन्सिल, आणि जे होते ते वेळेवर सांगण्याची तयारी, इतके कोणत्याही घराला परवडण्यासारखे आहे.