नुसता पत्ता
रोजकीर्दीत आपण खतावणीचे पान लिहितो. खाते मात्र खतावणीतच असते. संगणकातील सांकेतिक दुवा असाच, नुसता पत्ता. काकांच्या दुकानात लिनक्स आहे. नव्या स्क्रिप्टने डेस्कटॉपवर केलेला 'चालू' हा दुवा दिसे, पण उघडेना. शेजारच्या दुकानदाराला 'एल्ला होत्री!' सांगून काका उपाशीच बसले.

'रीडलिंक'ने आतला पत्ता वाचला : 'हिशेब/2025'. असा अर्धा पत्ता मोजला जातो तो दुवा असतो तिथून, स्क्रिप्ट चालते तिथून नव्हे! आणि ते पान खरोखर आहे का, हे 'एलएन' बघतही नाही. (आमचे सर निदान पान उलटून पाहतात.) मुळापासूनचा पूर्ण पत्ता घातला, हिशेब जागच्या जागी होते. स्क्रिप्टमध्ये 'एलएन -एसएफएन' लिहिले. त्यातला 'एन' गाळला, तर पुढल्या एप्रिलात नवा दुवा जुन्याच फोल्डरात जाऊन पडेल.