आडनाव न विचारणारे दार

डोंगरातून एकट्याने पायी हिंडणे हा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा नेम आहे. धानाची कापणी-चुरणी आटोपून थंडी स्थिरावली, की पाठीवर एक पिशवी आणि एक घोंगडी घेऊन आम्ही निघतो. आरंभ आपल्याच जिल्ह्यात झाला. तुमसरकडील अंबागड, गायमुख, चांदपूर या टेकड्यांची उंची बेताची. पण तेथील सागवान, बांबू, मोहाची झाडे आणि माथ्यावरून दिसणारे मामा तलाव यांनी पायांना डोंगराची गोडी लावली. पुढे तीच गोडी आम्हाला सह्याद्रीत घेऊन गेली. स्नेही थट्टेने विचारतात, "जाता एकटे, मग सांगताना 'आम्ही' कसे म्हणता?" वसतिगृहात वाढलेल्या माणसाची जीभ 'मी'कडे लवकर वळत नाही, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे.

एकट्याच्या प्रवासात दिवस डोंगराचा असतो, पण संध्याकाळ मुक्कामाची असते. ऊन कलले की माथ्यावरचे सौंदर्य मागे पडते आणि आज पाठ कोठे टेकायची, हा एकच प्रश्न उरतो. लागते ते थोडेच. सारवलेली जमीन, एक चटई, तांब्याभर पाणी. सह्याद्रीत पिठले-भाकरी, आपल्याकडे असलो तर भात आणि लाखोळीचे वरण. एवढे मिळाले की दुसऱ्या दिवशीची वाट आपोआप सोपी होते.

चारिका करणाऱ्या भिक्खूंपुढेही हाच प्रश्न होता. विशेषतः पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासाचे, एका जागी राहावे लागे. जुन्नरच्या परिसरातील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. विहारांतील अनेक खोल्यांत निजण्यासाठी दगडाचाच ओटा कोरलेला आहे, तर बाहेर पाण्याची टाकी आहेत. ओट्याची रुंदी एका माणसापुरती. हा निवारा कोणी दिला, हे तेथील शिलालेख सांगतात. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. परदेशी कुळातल्या माणसांनी, ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशांच्या जेवणाची आणि तहानेची सोय करून ठेवली. देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. घेणाऱ्याचे कुळ कोणते असावे, याची अट त्यात नाही.

ही अट आम्हाला भेटली ती जिवंत माणसांत. काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका गावात अंधार पडता पडता एका घरी मुक्कामाची चौकशी केली. खोली आहे म्हणाले. पाणी दिले. मग गाव विचारले, मग आडनाव. आम्ही सांगितले. घरातली माणसे थोडी आत-बाहेर झाली आणि मग निरोप आला की, पाहुणे येणार आहेत, खोली देता येणार नाही. कोणी अपशब्द काढला नाही, कोणी हाकलले नाही. ती रात्र आम्ही शाळेच्या व्हरांड्यात काढली. थंडी फार होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीत एका म्हाताऱ्या आईने आमच्या पायांकडे पाहून आधी गरम पाणी आणून ठेवले. आमचे नावही तिने सकाळी निघताना विचारले. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना ही दोन घरे आहेत.

व्हरांड्यातल्या त्या रात्री बडोद्याची आठवण होणे स्वाभाविक होते. १९१७ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी कसाबसा आसरा मिळवला. मोडक्या सामानाने भरलेल्या त्या वास्तूत सोबतीला कोणी नव्हते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली आणि जागा सोडावी लागली. रात्रीची गाडी सुटेपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. आम्ही डोंगरात जो एकांत शोधतो, तो आम्ही निवडलेला असतो. परतायला घर असते. बाबासाहेबांवर एकांत लादला गेला होता. या दोन एकांतांत दाराचे अंतर आहे.

ते दार त्यांनी स्वतः उभारायला घेतले. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. तिने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे निवाऱ्याचे काम त्याच्याही आधीचे. आपल्या विदर्भातल्याच शेणगावचे गाडगे महाराज आयुष्यभर पायी हिंडले, वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. यात्रेकरूंचा मुक्काम विद्यार्थ्यांचा मुक्काम झाला. या घटनेचा अर्थ आमच्यासारख्या वसतिगृहात वाढलेल्यांना निराळा समजावून सांगावा लागत नाही.

वैनगंगेकाठचे पवनी आपल्या जिल्ह्यातलेच. तेथील १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे अवशेष उजेडात आले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. एवढी मोठी वास्तू, पण ती एका कोणाची नव्हे. प्रत्येकाने आपल्या ऐपतीचा दगड दिला.

आपल्या शाळेची पहिली खोलीही अशीच उभी राहिली, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कोणी तांदळाचे पोते दिले, कोणी छपराचे पत्रे, कोणी एका दिवसाची मजुरी. त्या पत्र्यांखाली, ओळीने ठेवलेल्या पेट्यांशेजारी, आम्ही प्रथम निर्धास्त झोपलो. रात्री जाग आली तर कोणी उठवील, बाहेर काढील, ही धास्ती नव्हती. पुढे अनोळखी डोंगरात, अनोळखी अंधारात एकट्याने निघण्याचे बळ आम्हाला त्या झोपेने दिले, असे आता वाटते. ज्याला एकदा बिनशर्त आसरा मिळाला आहे, त्यालाच एकटे चालता येते.

म्हणून या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील देणगीदारांची यादी वाचकांनी न वाचता उलटू नये. पवनीच्या कठड्यावरच्या नावांची ती आजची ओळ आहे. यंदाही जून महिन्यात लाखनी, साकोली, पवनीकडची मुले पेटी घेऊन दाराशी येतील. काहींच्या पालकांना परत जायची बस गाठायची घाई असेल. त्या मुलांसाठी एक चटई, एक पांघरूण, वर्षाचे धान्य, ज्याला जे जमेल ते द्यावे. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांची घरे आता रस्त्यालगत, डोंगरालगत झाली आहेत, त्यांनी संध्याकाळी आलेल्या वाटसरूला आधी पाणी द्यावे. आडनाव त्याला सांगावेसे वाटले, तर तो सकाळी सांगेल.