तंजावरचे खंडकरी

कुंभकोणमला आलेला मराठी माणूस देवळं पाहतो, महामहम तलावाला वळसा घालतो, पितळी पेल्यातली डिग्री कॉफी पितो आणि रामेश्वरची वाट धरतो. समुद्र तिथून साठेक किलोमीटरवर आहे, हे त्याच्या गावीही नसतं. पूम्पुहार आहे, जिथे कावेरी सागराला मिळते. कारैकल आहे. मी मयिलाडुतुरैवरून तरंगमबाडीला गेलो आणि थक्क झालो.

वेशीचा पांढराशुभ्र दरवाजा ओलांडला की सरळ किंग्स स्ट्रीट. जुनी दोन चर्च, खांबांच्या ओसऱ्यांची युरोपीय घरं, आणि रस्ता संपतो तिथे थेट बंगालचा उपसागर! वाळूलगत डान्सबोर्ग किल्ला. जंजिरा पाहिलेल्या डोळ्यांना तो ऐसपैस वाडाच वाटतो. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने ही जागा डेन्मार्कच्या लोकांना दिली. सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं त्याचं पत्र आजही कोपनहेगनमध्ये जपलेलं आहे.

पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं आणि हे गोरे व्यापारी आपसूक मराठ्यांचे खंडकरी झाले. वर्षाचा खंड भरा, मग खुशाल राहा! व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने तर 1699 मध्ये या गावाला वेढा घातला होता. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली, म्हणून गाव वाचलं. तंजावर म्हटलं की आपल्याला सरस्वती महाल आठवतो. भोसल्यांचा हा समुद्र कुणाच्या तोंडी नाही.

याच डेन्मार्कने कॅरिबियन समुद्रातलं सेंट थॉमस बेटही बाळगलं होतं. तिथली राजधानी शार्लट अमाली; डोंगर ओलांडला की मॅगन्स बे, निवांत पोहण्यासाठी नावाजलेला. तरंगमबाडीत मात्र पोहण्याचं नाव काढू नये. लाट आडदांड आहे. माणसं साड्या-वेष्ट्या सावरत घोटाभर पाण्यात उभी राहतात, किंकाळ्या मारतात, मग वाळूत बसून खोबरं-कैरी घातलेलं चण्याचं सुंडल खातात. कोकणातल्यासारखी लांबवर मागे हटणारी ओहोटी इथे नाही. भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. सूर्यही पाठीमागे, जमिनीकडे मावळतो. त्यामुळे इथे यावं ते पहाटे.

हा समुद्र गरीब नाही. किनाऱ्यावरच्या चौदाव्या शतकातल्या मासिलामणिनाथर मंदिराचा पुढचा भाग त्याने केव्हाच गिळला. 2004 च्या त्सुनामीत तर त्याने गावातली माणसंही नेली. देवळाचं उरलेलं अंग आता दगडांच्या बांधाआड उभं आहे.

डेन लोकांनी 1845 मध्ये तरंगमबाडी आणि बंगालमधलं सेरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकलं. सेंट थॉमस आणि शेजारची बेटं 1917 मध्ये अडीच कोटी डॉलरना अमेरिकेला दिली. धंदा तो धंदा.

दक्षिणेच्या सहली काढणाऱ्यांनो, कुंभकोणम आणि रामेश्वर यांच्यामध्ये तरंगमबाडीचा एक मुक्काम घाला.